दाढेपासून गळ्यापर्यंत : दातांतून चेहऱ्यात पसरणाऱ्या संसर्गावरील उपचारांचा इतिहास



हा पाठ फक्त वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे असे समजू नका. किडलेल्या दाढेमुळे गाल सुजलेला माणूस तुम्ही पाहिलेला आहे, कदाचित घरातच. गाल फुगतो, लवंगेचे तेल लावले जाते, मेडिकलमधून गोळ्या आणल्या जातात, सूज उतरते आणि विषय संपतो. बहुतेक वेळा संपतो. क्वचित मात्र सूज गालावरून जबड्याखाली, तिथून जिभेखाली आणि तिथून गळ्याकडे सरकते आणि चालता-बोलता माणूस दोन-तीन दिवसांत श्वास कोंडून मरू शकतो. या संकटावर माणसाने कोणते उपाय केले, त्यांतले कोणते लागू पडले आणि ते कोणापर्यंत कधी पोचले, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांच्या तारखांनी लिहिला जातो : अमुक साली भूल, तमुक साली पेनिसिलिन. पण शोध लागतो त्या दिवशी तो सगळ्या जगाला मिळत नाही. म्हणून आपण एक ठिकाण धरून चालू, ते म्हणजे जबलपूरजवळचे भेडाघाट. नर्मदेकाठचे संगमरवरी कडे, धुआँधार धबधबा आणि कलचुरी काळातले चौसष्ट योगिनींचे मंदिर यांसाठी तुम्ही ते नाव ऐकले असेल. जबलपूर शहरापासून ते वीस-बावीस किलोमीटरवर आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८१७ च्या अखेरीस तो ईस्ट इंडिया कंपनीने घेतला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हा त्याची राजधानी नागपूर ठरली. म्हणजे १९५६ पर्यंत भेडाघाटचा माणूस आणि नागपूरचा माणूस एकाच प्रांताचे रहिवासी होते. प्रत्येक टप्प्यावर आपण एकच प्रश्न विचारू : या काळी भेडाघाटच्या एखाद्या नावाड्याची दाढ सुजली असती, तर त्याला काय मिळाले असते? हा नावाडी कल्पित आहे.

सूज कुठून कुठे जाते

इतिहास समजण्यापुरते शरीरशास्त्र आधी पाहू. दात किडतो तेव्हा खड्डा हळूहळू दाताच्या मध्यभागी असलेल्या मऊ गाभ्यापर्यंत जातो. या गाभ्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. जंतू तिथे पोचले की गाभा मरतो आणि संसर्ग मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतो. तिथे पू साठतो. पुवाला वाट हवी असते, म्हणून तो हाड पोखरत सर्वांत पातळ बाजूने बाहेर येतो. हिरडीवर फुटला तर माणूस थोडक्यात सुटला असे समजायचे.

पण हाडाबाहेर स्नायू आहेत आणि स्नायूंच्या मधे पापुद्र्यांनी वेगळ्या केलेल्या पोकळ जागा आहेत. जबड्याच्या आतल्या बाजूला तोंडाचा तळ सावरणारा एक पसरट स्नायू असतो. पुढच्या दातांची आणि पहिल्या दाढेची मुळे बहुधा या स्नायूच्या वर संपतात. दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळे त्याच्या खाली उतरतात. त्यामुळे पहिल्या दाढेचा पू जिभेखाली जातो आणि मागच्या दाढांचा पू सरळ जबड्याखाली, मानेकडे उतरतो. दोन्ही बाजूंच्या या सगळ्या जागा एकदम भरल्या की तोंडाचा तळ लाकडासारखा टणक होतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते. वरच्या दातांचा धोका वेगळा आहे. सुळ्याच्या आसपासचा संसर्ग डोळ्याखाली चढतो आणि चेहऱ्याच्या शिरांतून मेंदूलगतच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊ शकतो.

यावरून उपचाराला तीन कामे करावी लागतात हे लक्षात येईल : पुवाला वाट करून देणे, मूळ दाताचा बंदोबस्त करणे आणि तोपर्यंत श्वास चालू ठेवणे. जंतू मारणारे औषध हे चौथे काम. पुढचा सगळा इतिहास ही चार कामे कोणत्या क्रमाने सापडली आणि कोणत्या क्रमाने लोकांपर्यंत पोचली, याचा आहे.

सुश्रुतसंहितेतली दंतनाडी

सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट दिली आहे. निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात त्यांची लक्षणे येतात आणि चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायात उपचार. दातांच्या मुळांशी होणाऱ्या रोगांत ‘दंतनाडी’ नावाचा गट आहे. नाडी म्हणजे इथे पू वाहणारी वाट, ज्याला बोलीत आपण नासूर म्हणतो. ग्रंथकार काय सांगतो ते पाहा. ज्या दाताशी अशी नाडी झाली असेल तो दात काढावा, शस्त्राने मांस छेदावे, जागा स्वच्छ करावी आणि नंतर क्षाराने किंवा अग्नीने डागावी. दाताकडे दुर्लक्ष केले तर ही वाट जबड्याचे हाड फोडून जाते, असा स्पष्ट इशाराही आहे. तुटका किंवा हलणारा दात मुळासकट काढावा, मूळ आत ठेवू नये, हेही सांगितले आहे.

आपल्या चार कामांपैकी दोन इथे पूर्ण सापडतात. पू आणि दात यांचा संबंध कळला आहे, उगम काढल्याशिवाय वाट बंद होत नाही हे कळले आहे.

मात्र एक अपवाद ठेवलेला आहे आणि तो विचार करायला लावणारा आहे. वरचा दात घट्ट असेल तर काढू नये. काढल्यास फार रक्त जाते, माणसाचा डोळा जाऊ शकतो, चेहरा वाकडा होऊ शकतो, असे ग्रंथ म्हणतो. आजच्या वाचकाला हे अतिशयोक्त वाटेल. माझा अंदाज असा, आणि तो अंदाजच आहे, की वरच्या दाताच्या संसर्गानंतर डोळ्याची हानी झालेले रोगी कोणीतरी पाहिले असावेत आणि दोष दात काढण्यावर गेला असावा. आधी घडले ते कारण, अशी गफलत वैद्यकाच्या इतिहासात वारंवार दिसते.

त्याच अध्यायांत ‘अलास’ नावाचा जिभेचा रोग आहे. जिभेच्या तळाशी खोल सूज येते, वाढली की जीभ ताठरते आणि जिभेच्या मुळाशी जोराचा पाक होतो, असे त्याचे वर्णन आहे. जबड्याखालच्या ज्या प्राणघातक संसर्गाबद्दल आपण बोलत आहोत, त्याच्याशी हे वर्णन बरेच जुळते. तरी ‘हा तोच रोग’ असे ठामपणे लिहू नका. प्राचीन रोगनामांवर आधुनिक नावांची चिठ्ठी चिकटवणे सोपे असते. सिद्ध करणे अवघड असते, कारण जिभेखाली सूज इतर कारणांनीही येते. ठाम सांगता येते ते एवढेच की अलास असाध्य रोगांच्या यादीत घातला आहे. ज्याने दंतनाडीवर शस्त्र चालवायला सांगितले, त्याच परंपरेने इथे हात टेकले. श्वासाची वाट बंद होत असताना करण्यासारखे तिच्याकडे काही नव्हते. तिसऱ्या कामाची ही अनुपस्थिती लक्षात ठेवा.

गावातला उपचार

ग्रंथातली शस्त्रक्रिया गावोगावी चालत होती असे समजायला आधार नाही. पुढच्या शतकांत वैद्यांच्या हातून शस्त्र बरेचसे सुटले आणि दात उपटणे, रक्त काढणे, गळू फोडणे ही कामे न्हावी, वैदू आणि बाजारातले दात काढणारे यांच्याकडे राहिली. भेडाघाटचा आपला नावाडी भोसल्यांच्या अमलात असो की कंपनीच्या, त्याला मिळाले असते ते हेच : तुंबडी, जळू, लेप, शेक, बिब्ब्याचा चटका आणि फार झाले तर चिमट्याने दात ओढणारा माणूस. कार्तिकी पौर्णिमेला नर्मदेवर भरणाऱ्या जत्रेत असे लोक भेटण्याची शक्यता जास्त.

दात किड्याने पोखरला जातो ही कल्पना जगभर होती आणि आपल्या भाषेत ती अजून जिवंत आहे. आपण ‘दाताला कीड लागली’ असेच म्हणतो. महाराष्ट्रात भुईरिंगणीच्या बियांची धुरी दातांना देत, युरोपात खुरासनी ओव्याच्या बिया जाळत. धुरीनंतर भांड्यात पडलेले बारीक पांढरे ‘किडे’ दाखवून रोग्याची खात्री पटवली जाई. युरोपात तपासले तेव्हा ते उष्णतेने फुटलेल्या बियांतले अंकुर निघाले. फ्रान्समधल्या पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही असा किडा आपल्याला सापडला नाही, असे नोंदवले.

या उपचारांना सरसकट हसू नका. लवंगेच्या तेलाने दुखणे खरोखर कमी होते आणि पिकलेले गळू फोडणे योग्यच होते. घात करणारी गोष्ट म्हणजे बाहेरून दिलेला शेक. गालावर गरम शेक घेतला की पू तोंडाच्या आत फुटण्याऐवजी कातडीकडे ओढला जाऊ शकतो. गालावर किंवा हनुवटीखाली कायमचा खड्डा पडलेले लोक गावाकडे दिसतात, त्यांतल्या काहींच्या खड्ड्याची सुरुवात दाढेत झालेली असते. हा रोग कातडीचा समजून वर्षानुवर्षे मलम लावले जाते, आणि दात काढला की महिन्याभरात जखम भरते.

श्टुटगार्ट, १८३६

आता युरोपकडे वळू. पण आधी एका आकड्याबद्दल सावध करतो. सतराव्या शतकातल्या लंडनच्या मृत्युपत्रकांत मृत्यूचे एक कारण नुसते ‘दात’ असे दिलेले असते. जॉन ग्रांट यांनी १६६२ मध्ये या पत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वीस वर्षांच्या कोष्टकात ‘दात आणि जंत’ या सदरात चौदा हजारांहून अधिक मृत्यू आहेत. यावरून ‘त्या काळी दातांच्या संसर्गाने हजारो लोक मरत’ असे लोकप्रिय लेखांत ठोकून दिलेले असते. पण ग्रांट यांनी स्वतःच हे सदर चार-पाच वर्षांखालील मुलांच्या आजारांत धरले आहे. दात येण्याच्या वयात दगावलेल्या बाळांचा मृत्यू ‘दात’ म्हणून लिहिला जाई, खरे कारण काहीही असो. सदराचे नाव म्हणजे कारण नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधन वाचताना पाळायचा हा पहिला नियम आहे.

आपल्या विषयाचे नेमके वर्णन आले ते १८३६ मध्ये. वुर्टेम्बर्गच्या राजदरबारचे वैद्य विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग यांनी श्टुटगार्टमध्ये पाहिलेल्या काही रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली. जबड्याखाली आणि मानेत झपाट्याने पसरणारी, लाकडासारखी टणक सूज, वर उचललेली जीभ, गिळता न येणे आणि शेवटी श्वास कोंडणे. पुढच्याच वर्षी या रोगाला त्यांचे नाव मिळाले आणि डॉक्टर आजही त्याला ‘लुडविग्ज अँजायना’ म्हणतात. अँजायना शब्द ऐकून हृदयविकार समजू नका. त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ गळा आवळणे असा आहे. लुडविगचे मोठेपण वर्णनात आहे. उपचार त्यांच्याकडेही फारसा नव्हता.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत उपचाराची सामग्री जमत गेली. १८४६ मध्ये बॉस्टनमधील दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे दाखवली. ती शस्त्रक्रिया जबड्याखालच्या गाठीवरचीच होती. लिस्टर यांनी जखमा जंतुमुक्त ठेवायला शिकवले. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये तोंडातल्या जंतूंवर ग्रंथ लिहून किडण्याचे कारण जंतू आणि त्यांनी तयार केलेले आम्ल आहे हे दाखवले. क्ष-किरण सापडल्यानंतर काही आठवड्यांतच, १८९६ च्या जानेवारीत, जर्मनीत दातांचे पहिले छायाचित्र घेतले गेले. यानंतर एक उलटी लाटही आली. विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, तोंडातला संसर्ग हे शरीरातल्या असंख्य रोगांचे मूळ आहे, असा प्रचार केला आणि हजारो लोकांचे चांगले दात संशयावरून उपटले गेले. तो वेगळा पाठ होईल.

बॉस्टनचे दोन आकडे

या संपूर्ण विषयात मला सर्वांत बोलके वाटतात ते दोन छोटे आकडे. बॉस्टनमधील ए. सी. विल्यम्स यांनी १९४० मध्ये लुडविगच्या रोगाचे एकतीस रोगी मांडले. त्यांतले शेकडा चोपन्न मरण पावले होते. तीन वर्षांनी, १९४३ मध्ये, त्यांनी वॉल्टर गुराल्निक यांच्याबरोबर पुढच्या वीस रोग्यांची हकिगत दिली. या खेपेस मृत्यू शेकडा दहा होते. वीस रोग्यांत दोन.

मधल्या काळात काय बदलले? १९४३ मध्ये पेनिसिलिन सर्वसामान्य रुग्णालयांत मिळत नव्हते. सल्फा गटाची औषधे होती, त्यांचा काही वाटा असेल. पण मुख्य बदल पद्धतीत होता. श्वास पूर्ण कोंडेपर्यंत थांबायचे नाही, मानेत छेद घेऊन श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी आधीच ठेवायची आणि पू ‘पिकण्याची’ वाट न पाहता जबड्याखाली खोल चीर देऊन दाब मोकळा करायचा. आकडे लहान आहेत, रुग्णालय एकच आहे, म्हणून त्यांवर फार मोठी इमारत उभारू नका. तरी एवढे दिसते की पेनिसिलिन हाती येण्याआधीच चाकूने आणि श्वासाच्या नळीने निम्म्याहून अधिक मृत्यू टाळता येत होते.

हे शक्य झाले कारण चीर कुठे द्यायची ते कळले होते. अमेरिकेत ग्रोडिन्स्की आणि होलिओक यांनी १९३८ मध्ये मानेतल्या पापुद्र्यांचा आणि पोकळ्यांचा नकाशा मांडला. १९४३ मध्येच चियास्नी यांनी खालच्या दाढांची मुळे आणि तो पसरट स्नायू यांचा संबंध उलगडून दाखवला. वर आपण जे शरीरशास्त्र पाहिले ते याच कामातून आलेले आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे या. १९४० च्या सुमारास भेडाघाटच्या नावाड्याला काय मिळाले असते? मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरवरून १८७० पासून चालू होता. शहरात व्हिक्टोरिया हॉस्पिटल होते, जे आज सेठ गोविंददास यांच्या नावाने ओळखले जाते. जिल्ह्याला सिव्हिल सर्जन होता. चीर देणारा हात वीस-बावीस किलोमीटरवर होता, पण रोगी वेळेत तिथे पोचला तर. दंतवैद्य तयार करणारे शिक्षण मात्र फार दूर होते. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्याला १९२० मध्ये देशातले पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मधले. मध्य प्रांतात, नागपुरातसुद्धा, असे काही नव्हते. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये १९१४ पासून डॉक्टर तयार होत, दंतवैद्य नव्हेत.

पिंपरीचे पेनिसिलिन

पेनिसिलिनची कथा तुम्हाला फ्लेमिंग आणि बुरशी एवढी माहीत असते. त्यातला आपल्या विषयाला लागून असलेला भाग सांगतो. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांच्या गटाने १९४१ च्या फेब्रुवारीत उपचारासाठी ज्याला पहिल्यांदा पेनिसिलिन दिले, तो अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस होता. त्याला चेहऱ्याचाच संसर्ग होता. तोंडाजवळच्या लहानशा जखमेपासून सुरू होऊन तो डोळ्यापर्यंत पोचला होता आणि एक डोळा काढावा लागला होता. औषधाने त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषधाचा साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत गाळून काढून पुन्हा टोचले गेले, तेही पुरले नाही, आणि १५ मार्चला तो वारला.

औषध आहे पण पुरेसे नाही, हाच प्रश्न दहा वर्षांनी भारतापुढे होता. पेनिसिलिन परदेशातून येई आणि महाग होते. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी यांच्या संचालकपदाच्या काळात सल्फा औषधांवर काम झाले होते, म्हणजे देशात औषध करता येते हा विश्वास होता. स्वातंत्र्यानंतर युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरीला सरकारी कारखाना उभा राहिला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आज पिंपरी म्हटले की मोटारींचे कारखाने आठवतात, पण त्या काळी ते नाव पेनिसिलिनशी जोडलेले होते.

आता तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा. पिंपरीचे पेनिसिलिन १९५५. जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला पुढे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव दिले गेले, तेही १९५५. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ मध्ये झाला होता, पण इंदूरचे दंत महाविद्यालय आले १९६१ मध्ये आणि नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये. त्याच्या मधे, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवरचे नागपूर परराज्य झाले आणि आपल्या राज्यातले इंदूर पाचशे किलोमीटरवर होते.

म्हणजे आपल्या नावाड्यापर्यंत चौथे काम, जंतू मारणारे औषध, आधी पोचले. दुसरे काम, दात काढणारा शिकलेला माणूस, नंतर आला, आणि बऱ्याच तालुक्यांत तो फार उशिरा आला. सुश्रुताच्या ग्रंथात जे सर्वांत आधी सांगितले होते ते प्रत्यक्षात सर्वांत शेवटी मिळाले.

गोळीने उतरलेली सूज

या उलट्या क्रमाचे परिणाम झाले. इंजेक्शनने, पुढे गोळ्यांनी, सूज उतरू लागली आणि सूज उतरणे म्हणजेच बरे होणे असा समज रुजला. पण मेलेल्या दाताच्या गाभ्यात रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे रक्तातून जाणारे औषध तिथे पोचत नाही. साठलेल्या पुवातही ते नीट शिरत नाही. जंतू तिथेच राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा वर्षांनी सूज परत येते. दर खेपेस अर्धवट गोळ्या घेतल्या की औषधाला न जुमानणारे जंतू शिल्लक राहण्याची शक्यता वाढते. मधल्या काळात रोग्याला मधुमेह झालेला असेल तर हीच सूज आधीपेक्षा कितीतरी वेगाने पसरते.

दुसरा समज याहून चिवट आहे : ‘सूज असताना दात काढायचा नसतो.’ तुमच्या आजीने हे सांगितले असेल, आणि एकेकाळी डॉक्टरही हेच सांगत. संसर्गात हात घातला तर तो आणखी पसरेल ही भीती पेनिसिलिनपूर्व काळात अगदीच निराधार नव्हती. भूल नीट चढत नाही आणि तोंड उघडत नाही या अडचणी आजही आहेत. पण आजची पद्धत उलट आहे. गंभीर संसर्गात रोग्याला दाखल करतात, आधी श्वासाची वाट सुरक्षित करतात. कधी जागेपणीच नाकातून लवचीक दुर्बिणीच्या मदतीने नळी घालतात, नाहीतर मानेत छेद देतात. मग जबड्याखाली चीर देऊन रबरी नळीने निचरा ठेवतात, त्याच वेळी दोषी दात काढतात आणि शिरेतून प्रतिजैविके देतात. दात लवकर निघाला तर रोगी लवकर बरा होतो. जो मृत्युदर १९४० मध्ये निम्म्याहून जास्त होता तो आता साधारण शेकडा दहाच्या खाली सांगितला जातो, अर्थात वेळेत रुग्णालय गाठलेल्यांत.

वेळेत म्हणजे कधी? तोंड दोन बोटांएवढेही उघडत नसेल, थुंकी गिळता येत नसून लाळ गळत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, आवाज घोगरा किंवा तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा येत असेल, जबड्याखालची सूज दोन्ही बाजूंना पसरून टणक झाली असेल, आडवे झाल्यावर गुदमरत असेल किंवा डोळा सुजून बंद होत असेल, तर दवाखाना उघडण्याची वाट पाहायची नाही. त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठायचे, आणि रोग्याला झोपवून नव्हे तर बसवून न्यायचे. भेडाघाटहून जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आज गाडीने तासाभराच्या आत येते.

स्वाध्याय

पुढच्या पाठाआधी एवढे करा. तुमच्या जिल्ह्याचे जुने गॅझेटियर मिळवा आणि चार साले शोधा : पहिले सरकारी रुग्णालय, पहिले औषध दुकान, पहिला नोंदणीकृत दंतवैद्य आणि सर्वांत जवळचे दंत महाविद्यालय. दंतवैद्याचे साल गॅझेटियरमध्ये बहुधा सापडणार नाही. ते गावातल्या सत्तरीपुढच्या दोन-तीन माणसांना विचारा, आणि त्यांच्या तरुणपणी दाढ सुजली की कोणाकडे जात, काय लावत आणि किती पैसे पडत, हेही लिहून आणा.